नाव बदललेला मुकादम

"किती वेळ लागंल, सुरवसे?"

"दहा मिनिटं, साहेब."

हे उत्तर मी त्या रविवारी सकाळपासून चौथ्यांदा देत होतो आणि दुपारचा एक वाजला होता. स्क्रीनवरची अपग्रेडची पट्टी त्र्याहत्तर टक्क्यांवर येऊन बसली होती. यात्रेच्या गर्दीत एसटीची खिडकी मिळालेली बाई बसते ना, तशी. तुळजापूर आलं तरी उठायची नाही. सर्व्हर रूमचा एसी अठरावर होता, तरी मला घाम एवढा सुटला होता की खाली पाट काढला असता तर दोन एकर कांदा भिजला असता. लोमटे साहेब दारात उभे राहून माझ्या पाठीकडं बघत होते. ते आमच्या हॉस्पिटलचे प्रशासक. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण पाठीवरून माणूस ओळखतात.

"सकाळी साडेनवालाही दहाच मिनिटं होती," ते म्हणाले.

"ती वेगळी दहा मिनिटं होती, साहेब."

आधी मी काय करत होतो ते सांगतो, नाहीतर तुम्हीही साहेबांसारखे दारात उभे राहाल.

आमचं मुख्य हॉस्पिटल धाराशिवात. एक शाखा तुळजापुरात, एक तेरला, आणि इकडंतिकडं चार-पाच छोटी केंद्रं. मी तिथला सिस्टीम अॅडमिन. म्हणजे लोकांच्या भाषेत प्रिंटरवाला. मी लागलो तेव्हा तीन सर्व्हर होते, आता अडतीस आहेत. सगळे लिनक्सवर चालतात. पेशंटची नोंदणी, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा साठा, रक्तपेढी, सगळं त्यांच्यावर. या अडतीस मशिनींना वेळोवेळी अपडेट द्यावे लागतात. एकेकीपाशी जाऊन द्यायचं म्हटलं तर अडतीस म्हशी एकट्यानं धुण्यातला प्रकार. शेवटची धुऊन होईपर्यंत पहिली परत चिखलात.

म्हणून एक मॅनेजमेंट सर्व्हर असतो. आपल्याकडं हे समजावायला सोपं आहे. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम असतो की नाही? कोण कुठल्या फडात जाणार, कधी थांबायचं, कुणाचा कोयता बोथट झालाय, हे सगळं तो बघतो. तसा हा सर्व्हरांचा मुकादम. मी याला सांगतो, हा सदतीस जणांना सांगतो. पण हे सदतीस जण त्याचं ऐकतात ते एका अटीवर. मुकादमाकडं एक ओळखपत्र असतं, त्याला सर्टिफिकेट म्हणतात. त्यावर त्याचं पूर्ण नाव असतं. ओळखपत्रावरचं नाव आणि तोंडानं सांगितलेलं नाव एकच निघालं तर काम सुरू. फरक पडला तर कुणी जागचं हलत नाही.

तर या मुकादमाचंच सॉफ्टवेअर जुनं झालं होतं आणि त्या रविवारी मला ते नवं करायचं होतं. रविवार एवढ्यासाठी की ओपीडी बंद. सॉफ्टवेअरसोबत एकशे चाळीस पानांची सूचना-पुस्तिका आली होती. ती मी तोंडपाठ केलीय, रात्री झोपेतसुद्धा कमांड बडबडतो आणि बायको उठून एंटर दाबते, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मी पहिली वीस पानं आणि शेवटची दोन वाचली होती. मधली पानं इतरांसाठी असतात असा माझा समज होता.

आणखी एक गोष्ट इथंच कबूल करतो. या मुकादमावर मी नावं शोधून देण्याचं कामही टाकलं होतं. त्याला डीएनएस म्हणतात. आपण फोनमध्ये "मामा" दाबतो आणि फोन मामांचा नंबर शोधतो, तसंच. कॉम्प्युटर एकमेकांना नावानं हाक मारतात आणि डीएनएस त्यांना नंबर काढून देतो. हे काम वेगळ्या मशिनवर ठेवायचं असतं. पण मुकादमाकडं जागा रिकामी होती आणि माझ्याकडं हौस.

साडेनवाला मी अपग्रेड सुरू केलं. अपग्रेड आधी मुकादमाची सगळी कामं बंद करतं, मग बदल करतं, मग कामं परत सुरू करतं. वीसेक मिनिटांचा मामला. पहिला तासभर कुणालाच काही जाणवलं नाही, कारण कॉम्प्युटरही काही नंबर थोडा वेळ लक्षात ठेवतात. मग ते एकेक करून विसरायला लागले. अकराला नोंदणीचा काउंटर बंद पडला. साडेअकराला औषधांचा. बाराला तेरच्या केंद्रातून फोन आला. मी सगळ्यांना दहा मिनिटं सांगितली. रविवार होता, लोक भले होते, त्यांनी ऐकून घेतलं.

एक वाजून गेल्यावर वाघमारे मॅडम आल्या.

मॅडम म्हणजे आमच्या रक्तपेढीच्या प्रमुख. आवाज बारीक, पण तो आला की मोठमोठे सर्जन खुर्चीत सरळ होतात. त्यांनी साहेबांना बाजूला केलं आणि थेट माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सुरवसे, माझं सॉफ्टवेअर उघडत नाही."

"दहा मिनिटं, मॅडम."

"तुळजापूरला एक बाई आहे. बाळंतपणाची. तीन वाजता सिझर ठरलंय, आधीच अंगात रक्त कमी. इथनं पिशवी पाठवायचीय. रशीदभाई पेटी घेऊन गेटवर थांबलेत."

"मग पाठवा की ओ," साहेब म्हणाले. "पिशवी आहे, गाडी आहे."

"पिशवी आहे, तपासणीही झाली. पण ती बाई डॉक्टरांना म्हणाली, मागच्या खेपेला रक्त चढवल्यावर थंडी वाजून आली होती, अंग काळं-निळं पडलं होतं. ते रक्त आपणच दिलं होतं. तेव्हा काय झालं, कशामुळं झालं, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. ते बघितल्याशिवाय मी पिशवी सोडणार नाही."

मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून मॅडमनी दोन वाक्यांत सांगितलं. कधीकधी अंगाला परक्या रक्तातली एखादी गोष्ट सोसत नाही. अंग तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि वर्षानुवर्षं राग धरून बसतं. पुढं हा राग इतका खाली दबतो की साध्या तपासणीत दिसतच नाही. पण तेच रक्त परत चढवलं, तर उसळी मारून वर येतो.

"रजिस्टर बघा ना," मी म्हणालो.

"रजिस्टर कुणी बंद करायला लावलं? 'मॅडम, आता जग पेपरलेस झालं' असं माझ्या टेबलावर हात आपटून कोण म्हणालं होतं?"

मी एसीकडं बघितलं. रिमोट घेऊन तो सतरावर आणला.

आता माझ्याकडं एक हुकमी पान होतं. शनिवारी संध्याकाळी मी मुकादमाचा स्नॅपशॉट काढून ठेवला होता. म्हणजे त्या क्षणी मशिन जशी आहे तशी अख्खी साठवून ठेवायची. काही बिघडलं तर मागं फिरायचं, जणू काही झालंच नाही. मी साहेबांना म्हणालो, "अपग्रेड गेलं खड्ड्यात. मी मशिन कालच्या संध्याकाळवर नेतो. काल सगळं चालू होतं, म्हणजे आजही चालू होणार." असं म्हणून मी बटण दाबलं ते दोन बोटांनी, ऐटीत. पंधरा मिनिटं गेली. मुकादम मागं फिरला, बंद झाला, परत सुरू झाला.

आणि त्याचं एकही काम सुरू झालं नाही.

अतिशयोक्ती करायची सवय असलेला माणूस आहे मी, पण हे साधं खरं सांगतोय. जुनं सॉफ्टवेअर, कालची मशिन, काल चालू होती, आज मेलेली. मी काहीच केलं नव्हतं. म्हणजे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच मी खरोखर काही केलं नव्हतं आणि तरी बिघडलं होतं.

"झालं का?" मॅडम.

"होतंय."

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी, त्यात तो मिनिटामिनिटाचं रडगाणं लिहून ठेवतो. प्रत्येक ओळीत एकच तक्रार: सर्टिफिकेटवरचं नाव आणि मशिनचं नाव जुळत नाही. सर्टिफिकेटवर नाव होतं जुनं, उस्मानाबादवालं. मशिन मात्र स्वतःला धाराशिव म्हणवत होती.

कुणी बदललं हे? मला एवढा संताप आला की त्या माणसाला तिथल्या तिथं केबलनं बांधला असता. कुणी, कधी, कुठली कमांड दिली याचीही नोंद सर्व्हर ठेवतो. मी ती शोधली. तारीख सापडली. वेळ सापडली. कमांड सापडली. लॉगिनचं नाव सापडलं.

सुरवसे.

मग सगळं आठवलं. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा साहेबांनी परिपत्रक काढलं होतं: जिथं जिथं जुनं नाव असेल तिथं नवं घाला. पाट्या झाल्या, लेटरहेड झाली, शिक्के झाले, ॲम्ब्युलन्सची दारं रंगवून झाली. एके दिवशी साहेब सर्व्हर रूममध्ये डोकावले, काळ्या स्क्रीनवरचं मशिनचं नाव त्यांना दिसलं आणि म्हणाले, "हे राहिलं की ओ." मी म्हणालो, "साहेब, दोन सेकंद." आणि खरंच दोन सेकंदांत बदललं. साहेबांनी चहा पाजला. मी कँटीनमध्ये सांगितलं की रंगाऱ्यांना तीन महिने लागले ते काम मी पापणी लवायच्या आत उरकलं.

मग इतके दिवस चाललं कसं? तर मुकादमाच्या पोटातली सगळी कामं आधीपासून चालू होती, जुन्या नावानं सुरू झालेली. ती थांबत नाहीत तोवर बाहेर पाटी बदलल्याचं त्यांना कळायचं कारण नव्हतं. आणि मी त्यानंतर मशिन एकदाही बंद केली नव्हती. माझा सर्व्हर श्वाससुद्धा घ्यायला थांबत नाही, अशी फुशारकीही मी कँटीनमध्येच मारत होतो. आज अपग्रेडनं त्याला पहिल्यांदा थांबवलं. तो उठला आणि स्वतःलाच ओळखेना. कालचा स्नॅपशॉटही नाव बदलल्यानंतरचाच. मी कितीही मागं पळालो असतो तरी तिथं मीच उभा होतो.

पावणेदोन झाले होते. रशीदभाई पेटी घेऊन गेटवरून आत आले. तीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवलेला माणूस, घाई त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसत नाही. त्या दिवशी दिसली.

"मॅडम, तुळजापूरहून डॉक्टरचा फोन आलता. बाईचं बीपी खाली यायलंय म्हणं. तीनपर्यंत थांबत न्हाईत ते. पंचवीस मिनिटांत पोचवतो मी, पण निघ म्हणा की."

मॅडम माझ्याकडं वळल्या. आवाज आणखी बारीक झाला होता.

"सुरवसे, आता दहा मिनिटं म्हणू नका. दोन तास लागणार असतील तर दोन तास सांगा. मी सोलापूरला फोन लावते, तिथल्या मोठ्या रक्तपेढीत सगळी तपासणी नव्यानं करून घेते. सकाळी अकराला खरं सांगितलं असतं तर आतापर्यंत तिथनं रक्त आलंही असतं. तुमच्या दहा-दहा मिनिटांनी माझे तीन तास खाल्ले."

असं मला कुणी बोललं नव्हतं. शिव्या खाल्ल्या होत्या, त्या अंगाला लागत नाहीत. हे लागलं.

मी म्हणालो, "माहीत नाही, मॅडम. बिघाड कळलाय. माझ्याच हातनं झालाय. पण नीट व्हायला किती वेळ लागंल, ते खरंच माहीत नाही."

साहेबांनी पाठीवरची नजर काढून माझ्या तोंडाकडं वळवली. मॅडमनी फक्त मान हलवली, जणू काही त्यांना हवा तो रिपोर्ट मिळाला.

"बरं. मला एवढंच सांगा. माझ्या रक्तपेढीचा जो सर्व्हर आहे, तोही मेलाय का?"

"नाही. तो ठणठणीत आहे. फक्त तुमच्या कॉम्प्युटरला तो सापडत नाही. नावावरून नंबर काढून देणारा बंद आहे ना."

"नंबर तुम्हाला माहीत असंल की?"

मी कीबोर्डवरून हात काढले.

"सुरवसे, माझ्या आईच्या फोनमध्ये एकही नाव नाही. भिंतीवर नंबर लिहून ठेवलेत, ते बघून लावती. तिचा फोन लागतो."

मी चार तास एका मशिनीशी कुस्ती खेळत होतो आणि एक ओळ लिहायचं मला सुचलं नव्हतं. प्रत्येक लिनक्स कॉम्प्युटरमध्ये एक छोटी फाइल असते. तिच्यात हातानं नाव आणि नंबर लिहिला की कॉम्प्युटर डीएनएसला विचारतच नाही. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. रक्तपेढीच्या सर्व्हरचा नंबर मला पाठ नव्हता, पण त्याच्या खोक्यावर मीच कधीतरी मार्करनं लिहिला होता. मी तो तळहातावर लिहून घेतला आणि जिन्यानं खाली असा पळालो की वॉर्डातल्या दोन पेशंटना वाटलं आग लागली. त्यातला एक तर प्लास्टरसकट उठला.

मॅडमच्या कॉम्प्युटरवर मी ती ओळ लिहिली. एक नंबर चुकला. परत लिहिली. सॉफ्टवेअर उघडलं. एक वाजून त्रेपन्न मिनिटं.

मॅडमनी बाईचं नाव टाकलं, गाव टाकलं, जुनी नोंद काढली. वाचली. मग चष्मा वर करून परत वाचली. पेटीतली पिशवी काढायला लावली आणि तिचा नंबर मिळवून बघितला.

"काय झालं?" मी विचारलं.

"अँटिबॉडी आहे. आणि या पिशवीतल्या रक्तात नेमकं तेच आहे, जे तिला सोसत नाही."

पेटी गेटवर तासभर भरून तयार होती. रशीदभाईंनी ती खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरकले.

मॅडमनी फ्रिजमधून त्याच गटाच्या आणखी पिशव्या काढल्या आणि त्यांच्या नोंदी बघायला लागल्या. पहिली नाही. दुसरी नाही. तिसऱ्या पिशवीत ती गोष्ट नव्हती. तिची बाईच्या नमुन्याशी तपासणी लावली. ती घाईनं होत नाही. मॅडम यंत्रापाशी हाताची घडी घालून उभ्या, रशीदभाई दारात, मी कोपऱ्यात. मला कधी नव्हे ते काहीच सांगावंसं वाटत नव्हतं. मॅडमनी तुळजापूरला फोन करून डॉक्टरांना नेमका वेळ सांगितला: "दोन पंचेचाळीसला गाडी निघेल." तोवर बाईला सलाइनवर धरतो, असं डॉक्टर म्हणाले. आणि गाडी दोन पंचेचाळीसला निघाली. असा वेळ मी आयुष्यात कुणाला सांगितला नव्हता.

मी वर गेलो. मुकादमाचं नाव परत जुनं केलं. दोन सेकंद. मशिन बंद करून सुरू केली. चार मिनिटांत सगळी कामं उभी राहिली, काउंटर सुरू झाले, तेरहून फोन आला की चालू झालं. लोमटे साहेब अजून दारातच होते. त्या माणसानं दुपारचं जेवणही केलं नव्हतं.

"झालं ना? आता हात लावू नका," ते म्हणाले.

"लावावा लागेल साहेब. अपग्रेड बाकी आहे. पण आधी नावं शोधायचं काम दुसऱ्या मशिनवर नेतो, म्हणजे मुकादम झोपला तरी कुणाचं अडणार नाही. त्याला दीड तास. मग मधली पानं वाचतो. त्याला एक तास. मग अपग्रेड. कमीत कमी अर्धा तास, जास्तीत जास्त मॅडमवर सोलापूरला फोन लावायची पाळी."

साहेब आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आणि ते नाव कुणी बदललं होतं म्हणालाव?"

"मी."

"मी सांगितलं म्हणून?"

"तुम्ही पाटी बदला म्हणालाव. मी ओळखपत्र तसंच ठेवून माणसाचं नाव बदललं. ते माझं काम होतं."

मधलं पान सापडलं. मशिनचं नाव कसं बदलायचं, यावर पुस्तिकेत अख्खं प्रकरण होतं. ठळक अक्षरांत, चौकटीत लिहिलं होतं की हातानं बदलू नका. त्यासाठी वेगळी कमांड दिली होती, ती सर्टिफिकेटही नवं करते. पान सत्तरच्या आसपास. माझ्या वाचनाच्या हद्दीपासून पन्नास पानं पुढं.

त्याआधीच सव्वाचारला मॅडमचा फोन आला होता. ऑपरेशन झालं, पिशवी चढली, थंडी वगैरे काही नाही. मुलगी झाली. नाव काय ठेवणार ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मला नावांचा विषय नको होता.

पट्टी शंभरवर गेली तेव्हा साडेसात वाजले होते. सदतीसच्या सदतीस मशिनी नव्या मुकादमाला हजर झाल्या.

सोमवारी अहवाल लिहायचा होता. मी लिहिलं, "काही तांत्रिक कारणांमुळे रविवारी सेवा विस्कळीत झाली." सही करायला मॅडमकडं पाठवला. तो परत आला. "तांत्रिक कारणांमुळे" या शब्दांवर पेन्सिलनं गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं: "कुणाच्या?" मी ती ओळ खोडली आणि दुसरी लिहिली. ती लिहायला मला एक तास लागला. मॅडमनी लगेच सही केली.

तेव्हापासून कुठल्याही अपग्रेडच्या आधी मी दोन गोष्टी करतो. मशिन एकदा बंद करून, काहीही न बदलता, परत सुरू करून बघतो. सुरू झाली तरच पुढं. आणि रक्तपेढीला फोन करून विचारतो, आज काय आहे. मॅडम म्हणतात, "किती वेळ?" मी म्हणतो, "माहीत नाही." मग त्या रजिस्टर काढतात. आता त्यांच्याकडं परत रजिस्टर आहे.